पंचवीस फुटांवरचं नाव

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

सकाळी उन्नतीचा फोन आला. आपल्याकडे रविवारची सकाळ म्हणजे तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र. थंडी किती, जेवलीस का, आईचे गुडघे, असं नेहमीचं बोलणं झालं. मग म्हणाली, "बाबा, आपके काम का एक सवाल है. पंचवीस फुटावरून माणसाचं नाव ऐकू येते का?"

मी म्हटलं, कुठं उभं राहून? क्रेनच्या शेडमध्ये की अंगणात?

ती हसली नाही. तिच्या राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आलं आहे. तिकडे इमिग्रेशनचे अधिकारी बाहेरदेशच्या लोकांचे कागद तपासतात, ज्यांचे ठीक नाहीत त्यांना धरून नेतात. ते काम चालू असताना कोणी त्यांच्या पंचवीस फुटांच्या आत यायचं नाही, असा तो कायदा होणार आहे. मागे व्हा म्हटल्यावर मागे झालं नाही तर दंड, नाहीतर जेल.

मला यात काही वावगं दिसलं नाही. तसं तिला सांगितलंही. वीस वर्षं मी हेच करतो आहे. क्रेनला वजन टांगलं की पिवळ्या रेषेच्या आत कोणी येऊ नये, हे बघायला मला पगार मिळतो. तिनं नुसतं "हं" केलं आणि फोन आईला द्या म्हणाली.

दुपारी टेप घेऊन फाटकापासून पंचवीस फूट मोजले. पेरूच्या झाडापाशी येतं. सत्यभामा कपडे वाळत घालत होती. "काय मोजून राहिले? खोली काढता का एखादी?" मी कारण सांगितलं. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "चहापत्ती संपली."

मला स्वच्छ ऐकू आलं.

"आलं ना ऐकू? मंग घेऊन या."

चहापत्ती आणली. संध्याकाळी जप केला. बोटं तेवढी चालली, लक्ष नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उन्नतीनं फोनवर अर्धं सांगितलं होतं. उरलेलं आज लिहून पाठवलं. तिची मराठी इंग्रजी अक्षरांत असते. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून ड्यूटीवरून आल्यावर चष्मा लावून बसलो.

गेल्या महिन्यात तिच्या इमारतीत सफाई करणाऱ्या एका बाईला त्या अधिकाऱ्यांनी गाड्या लावायच्या जागेतून उचललं. उन्नती प्रयोगशाळेत जायला निघाली होती. ती सहा-सात फुटांवर होती. लोक आरडाओरडा करत होते, गाड्यांची इंजिनं चालू होती. उन्नतीनं त्या बाईला नाव विचारलं. ती एल्विरा म्हणाली. मग बहिणीचा फोन नंबर सांगू लागली. उन्नतीनं तो पेनानं तळहातावर लिहिला. शेवटचा आकडा सांगेपर्यंत गाडीचं दार लागत आलं होतं. उन्नतीनं बहिणीला फोन केला. म्हणून घरच्यांना त्याच दिवशी कळलं, वकील मिळाला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका माणसाला नेलं. त्याचं नाव कोणी विचारलं नव्हतं. तो कुठं आहे हे घरच्यांना सोळा दिवसांनी कळलं.

पुढल्या मंगळवारी, सतरा तारखेला, विधेयकावर सुनावणी आहे. कोणीही जाऊन दोन मिनिटं बोलू शकतो, पण नाव-पत्ता लिहून द्यावा लागतो आणि ते सरकारी नोंदीत राहतं. उन्नतीला बोलायचं आहे. तिचे स्वतःचे कागद जूनपर्यंतचेच आहेत, नव्यांचा अर्ज टाकलेला आहे. अशा वेळी नाव पुढे आलं तर काय होईल, हे तिच्या वकिलालाही सांगता येत नाही.

शेवटी लिहिलंय, "बाबा, तुमी सांगा. तुमी नाई म्हणाल तर मी नाई जाणार. सोमवारपर्यंत सांगा. और वो नाम वाला सवाल भी."

सत्यभामाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नंबर हातावर लिहिला हे बरं केलं, कागद काढत बसली असती तर राहून गेलं असतं.

मला काय वाटलं ते लिहायला बसलो होतो. काही सुचत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज ठेक्यावरच्या नव्या लोकांचा सेफ्टीचा वर्ग माझ्याकडे होता. वीस माणसं, त्यांत चार बाया. रेषा दाखवली, हाताचे इशारे दाखवले. मग गॅसचा धडा. गॅसमध्ये कोणी पडला तर त्याच्याकडे धावायचं नाही. मास्क येईपर्यंत रेषेच्या मागे थांबायचं. धावणारा दुसरा माणूस आधी मरतो.

इथं मी नेहमी शालिकरामची गोष्ट सांगतो. आम्ही दोघं एका गावचे, आमगावकडचे, एकाच शाळेत शिकलेले. एकत्र इकडे भिलाईला आलो. प्लांटमध्ये लागण्याआधी मी आणि तो एका खाजगी कारखान्यात होतो, तो कारखाना आता राहिला नाही. तिथं गॅस सुटला. शालिक खांबाला टेकून बसला होता. मी पुढच्या खांबाशी होतो. मी धावलो नाही. मास्क यायला अकरा मिनिटं लागली. म्हणून मी तुमच्यासमोर उभा आहे.

 एवढं सांगून झालं की मी प्रश्न विचारा म्हणतो आणि कोणीतरी एकच गोष्ट विचारतं. आज रीना नावाच्या बाईनं हात वर केला. "सर, उन्होंने कुछ कहा था?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. राम म्हणाला.

तिनं हात जोडले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उन्नतीनं प्रश्न कामाचा म्हणून विचारला आहे, तर उत्तरही कामाच्या पद्धतीनं द्यावं, असं ठरवलं. बाबुलालला हाताशी घेतलं. तो माझ्यासारखाच क्रेनला इशारे देणारा सिग्नलमन, पुढल्या वर्षी निवृत्त होईल. सहा फुटांवर आणि पंचवीस फुटांवर खडूनं रेघा मारल्या. तो एकेक नाव घेणार, ओरडायचं नाही, माणूस घाबरल्यावर बोलेल तेवढ्या आवाजात. मी ऐकू आलं ते लिहिणार. क्रेन आणि पंखे चालू.

"दौलतभाऊ, कान गेले असतील तर सरळ मेडिकलले जा ना. माझी ड्यूटी कायले खराब करून राहिले?"

सहा फुटांवरून दहापैकी नऊ नावं लिहिली. पंचवीसवरून दहापैकी दोन. मग त्यानं आणखी एकदा ओठ हलवले आणि स्वतःच पोट धरून हसायला लागला. जवळ येऊन म्हणाला, "अकरावी शिवी होती. तुमाले. चार वर्षांपासून द्यायची राहिली होती."

ऐकू आलेली दोन नावं कोणती ते मागाहून बघितलं. एक सत्यभामा, एक दौलत. म्हणजे मला आधीपासून माहीत असलेली. अनोळखी नाव एकही नाही.

हे आकडे वहीत लिहून घेतले. मग बराच वेळ खडूच्या रेघेकडे बघत उभा होतो. बाबुलालनं विचारलं, काय झालं. काही झालं नव्हतं.

घरी चहा घेतला. कप ठेवल्यावर सत्यभामा म्हणाली, "साखर टाकायची राहिली होती. कळलं नाही का?"

कळलं नव्हतं.

"परवाही नव्हती टाकली," ती म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

उपास. देवबलोद्याच्या महादेवाला जाऊन आलो. गर्दीत अडीच तास रांगेत होतो. पिंडीपाशी उभं राहायला जेमतेम एक श्वास मिळतो. त्या श्वासात उन्नतीचं मागायचं ठरवलं होतं. बेल वाहिला, पाणी वाहिलं आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की काही मागितलंच नाही.

सत्यभामा भगर वाढताना म्हणाली, "उद्या सोमवार आहे."

"माहीत आहे."

"काय सांगता मंग पोरीले?"

मी म्हटलं, नाही म्हणतो. नियम आहे तर आहे. अंतर ठेवण्यात कोणाचं नुकसान नाही.

तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "नाही म्हणायचं तर म्हणा. मले तर ती उद्याच्या विमानानं घरी आलेली पायजे. पण रेषेचं नाव सांगून नका म्हणू. भेव वाटते म्हणून म्हणा. तिले खरं सांगा."

मी म्हटलं, मला भेव वाटत नाही.

"तेच तर," ती म्हणाली.

तिचा अर्थ कळला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शालिक माघी अमावस्येला गेला. दर वर्षी त्या दिवशी मी बोरसीला त्याच्या बायकोकडे, कांतावहिनींकडे जातो, नारळ आणि शिधा घेऊन. अमावस्या उद्या आहे. यंदा एक दिवस आधी गेलो, उन्नतीला उत्तर द्यायच्या आधी. रजा टाकली.

वहिनींच्या घराला लागून पिठाची चक्की आहे. दिवसभर चालू असते, तिथं बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. वहिनी ओसरीत तांदूळ निवडत होत्या. "भाऊजी? उद्या ना?" मी म्हटलं, कामानं आलो. दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसतो आहे. समोर शालिकचा फोटो. फोटोच्या चौकटीवर मोत्यांनी राम असं ओवलेलं आहे. वहिनींनीच ओवलं, तो गेला त्या वर्षी.

मनात एक वाक्य जुळवून गेलो होतो. ते आठवलं नाही. म्हटलं, "वहिनी, तो राम म्हणाला नव्हता."

"काय?"

चक्कीत कोणाचे तरी गहू पडत होते. मला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. चक्कीवर डबा घेऊन उभी असलेली बाई वळून बघायला लागली.

वहिनींचा हात सुपात थांबला. "मंग काय म्हणला?"

"माहीत नाही. पंखे चालू होते. ओठ हलत होते त्याचे. बराच वेळ हलत होते. मले ऐकू नाही आलं."

"किती दूर होते तुमी?"

"पुढच्या खांबाशी. सव्वीस फूट."

"मंग माझ्या सासूले तसं कावून सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, माझा लेक काही बोलला का. मी हो म्हटलं. मग काय बोलला ते विचारलं."

हे खरं आहे. ती म्हातारी माझा हात धरून बसली होती. काहीच बोलला नाही असं सांगितलं असतं तर तो एकटा गेला असं झालं असतं. माणसाच्या तोंडी शेवटी देवाचं नाव आलं म्हणजे घरच्यांना पुष्कळ असतं. एवढाच विचार केला. पुढं कारखान्यानं मला नियम पाळल्याबद्दल सर्टिफिकेट दिलं, तेव्हा तिथंही तेच सांगितलं. मग वर्गात. आता शंभर वर्गांत सांगून झालं असेल.

वहिनी पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी उन्नतीचं सांगितलं. तो कायदा, एल्विरा, तळहातावरचा नंबर. म्हटलं, उद्या तिथं शालिकची गोष्ट खरी आहे तशी वाचायला सांगणार आहे, पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

"तिकडच्या लोकायले काय समजते शालिकराम कोण होता ते."

"काही नाही समजत."

त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "वाचायचं तर पूर्ण नाव वाचा म्हणा. शालिकराम गणपत फुंडे. नुसतं मित्र नका म्हणू."

चहा विचारला नाही. मी नारळ ठेवून उठलो.

बोरसीच्या चौकात स्कूटर लावून फोनवर उत्तर लिहिलं. पुढं कधी शंका नको म्हणून इथं उतरवून ठेवतो.

"उन्नती, जा. हे वाच. माझं नाव दौलतराव चुटे, राहणार भिलाई, सेक्टर २. लोकांना रेषेच्या मागे उभं करणं हे माझं काम आहे. शांत अंगणात पंचवीस फुटांवरून नाव ऐकू येतं. मशीन आणि माणसांचा गलबला असेल तर दहापैकी दोन येतात, तीही ओळखीची. सहा फुटांवरून नऊ येतात. मी हे मोजलं आहे. बावीस वर्षांपूर्वी माझा मित्र शालिकराम गणपत फुंडे गॅसमध्ये वारला. मी सव्वीस फुटांवर उभा होतो. तो बोलत होता. मी नियम पाळला. नियम बरोबर होता, मी पुढं गेलो असतो तर मेलो असतो. तुमच्या त्या जागेत गॅस नाही. तो काय बोलला ते मला माहीत नाही आणि मी त्याच्या घरी खोटं सांगितलं. ऐकू आलं नाही की माणूस मनाचं काहीतरी सांगतो. एवढंच. आणि मला भीती वाटते, असं तुझ्या आईनं लिहायला सांगितलं आहे."

पाठवल्यावर दोन निळ्या खुणा आल्या. तिच्याकडे पहाट असावी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उन्नती बोलली. फोनवर आवाज बसलेला वाटला. म्हणाली, तिचा नंबर एकेचाळिसावा होता. माझं पत्र इंग्रजीत करून वाचलं. शालिकचं नाव तिनं तीनदा म्हणून बघितलं होतं, अडखळू नये म्हणून. समितीतल्या एकानं विचारलं, भारतातल्या कारखान्याच्या अपघाताचा इथं काय संबंध. ती उत्तर देणार तेवढ्यात दोन मिनिटं संपली, माइक बंद झाला.

समितीनं विधेयक पुढं पाठवलं. सात विरुद्ध चार. आता मोठ्या सभागृहात जाईल.

"मतलब कुछ नहीं हुआ, बाबा."

तिचं नाव नोंदीत गेलं. प्रयोगशाळेतल्या तिच्या साहेबांनी अजून काही विचारलं नाही. पुढं विचारतील की नाही, कागद येतील की नाही, जूनपर्यंत कळेल. सत्यभामानं माझ्या हातून फोन घेतला आणि विचारलं, "बोलताना हात कापत होते का?" उन्नती म्हणाली, हो. "मंग ठीक आहे," सत्यभामा म्हणाली.

मला वाटलं होतं आज काहीतरी वाटेल. हलकं, किंवा जड. सेकंड शिफ्टला गेलो. सहा नंबरच्या खांबाशी रेषा पुसट झाली आहे, रंग मागवला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वर्ग होता. गॅसच्या धड्यात शालिकचं नाव घेतलं. शेवटी कोणी काही विचारलं नाही, पण मीच सांगितलं की तो बोलत होता आणि मला ऐकू आलं नाही. एकानं विचारलं, तो फिर हम क्या करें सर, आगे जाएँ? मी म्हटलं, नाही, गॅसमध्ये नाही जायचं. मास्क जवळ ठेवायचा, म्हणजे अकरा मिनिटं लागत नाहीत. वीस वर्षं शिकवतो आहे, हे वाक्य आज पहिल्यांदा बोललो.

घरी आल्यावर वहिनींचा फोन. त्या मला कधी फोन करत नाहीत. "उद्या या. टेप घेऊन या."

२२ फेब्रुवारी, रविवार

दहा वाजता बोरसीला पोचलो. वहिनी गल्लीत उभ्या होत्या. चक्की चालू होती, रविवारी तिथं जास्त गर्दी असते. म्हणाल्या, "दाखवा मले. किती दूर ते."

विजेच्या खांबापासून टेप धरला. टेपाचं एक टोक त्यांनी स्वतः खांबाशी दाबून धरलं. सव्वीस फूट चक्कीच्या पायरीपाशी आले. "तो कसा बसला होता?" मी सांगितलं. पाठ टेकून, पाय पसरून, डोकं जरा माझ्याकडे. वहिनी तशाच बसल्या, गल्लीतल्या धुळीत. लोक बघत होते. चक्कीवरची एक बाई म्हणाली, "कांताबाई, चक्कर आली का?" त्यांनी हातानंच तिला थांब म्हटलं.

मी पायरीपाशी उभा राहिलो, तेव्हा उभा होतो तसा.

वहिनी माझ्याकडे बघून बोलल्या. ओठ हलताना दिसले. एक शब्द नव्हता, दोन-तीन वाक्यं असावीत. मध्ये थांबल्या, पुन्हा बोलल्या. पट्ट्याची फडफड आणि जात्याची घरघर तेवढी येत होती. माझा पाय पुढं गेला होता, तो मी मागे घेतला. त्यांचं बोलून झालं तरी त्या तशाच बसून होत्या.

मग उठल्या, पदर झटकला आणि चालत माझ्यापर्यंत आल्या. अगदी समोर उभ्या राहून विचारलं, "काय म्हणली मी?"

"नाही ऐकू आलं, वहिनी."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. बावीस वर्षांत असं त्यांनी बघितलं नव्हतं.

"एकही शब्द?"

"एकही नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "खरंच नाही येत तर." आणि घराकडे वळल्या. दारातून म्हणाल्या, "या आतमंदी. चहा ठेवला आहे."

टेप गुंडाळून मागोमाग गेलो. खुर्ची दाराजवळ नव्हती, आत चुलीपाशी ठेवली होती. फोटोवरचे मोती तसेच होते. त्या गल्लीत काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

चहा गोड होता. जरा जास्तच.